चाव्यांचं वटवाघूळ

शुक्रवार, संध्याकाळ. बोरी.

नुसता संताप झालाय. वटवाघळांचे कानाला न ऐकू येणारे आवाज टिपणारं मशीन चालू आहे का, हे बघायला मी आधी चाव्यांचा जुडगा खुळखुळवते. त्यातही तसलाच बारीक आवाज असतो. ते रेकॉर्डिंग चुकून आमच्या सर्वेक्षणाच्या सरांकडे गेलं. आवाजावरून जात ओळखणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरनं माझ्या चाव्यांना चक्क एका वटवाघळाचं नाव दिलं! सर म्हणाले, "जिल्ह्यातली पहिलीच नोंद!" खरं सांगितलं तर म्हणे, "सॉफ्टवेअर कसं चुकेल? फोटो पाठवा."

आणि इथल्या विहिरीतलं, मी डोळ्यांनी पाहिलेलं खरं वटवाघूळ? ते यादीतून बाद, सॉफ्टवेअरला ओळखू येईना म्हणून! मग मी कशाला आहे इथं?

विहिरीचे मालक दत्तूमामा म्हणाले, "म्याडम, चाव्या उलट्या टांगा अन् धाडा की फोटू."

टांगल्या. फोटो पाठवलाय.