सातची रेघ

१२ नोव्हेंबर, कळसाडी
पोहोचले एकदाची! जसोदाबाईंनी माडीवरची खोली दिली आणि टेकायच्या आत केळ्याची भजी पुढे केली. आमचं यंत्र चपलांच्या खोक्याएवढं. सेकंदाला दोनशे वेळा ते छापा-काटा करतं. दोन्ही सारखे पडले की पडद्यावरची रेघ आडवी. पुष्कळ माणसांनी एकदम एकाच गोष्टीवर मन लावलं तर ती चढते का, एवढंच मला बघायचंय. पुण्यात सगळे हसले. हसू देत.

१५ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी सातला मंदिराच्या भोंग्यावर सूचना, मग दहा मिनिटं अख्ख्या गावाने एकच विषय मनात धरायचा. विषय मी गावावर सोडला. गावाने भटू धरला! सामाईक बोअरवर दुसऱ्यांच्या पाळीत हा गडी स्वतःचा ऊस भिजवतो, म्हणून सगळे त्याच्यावर खार खाऊन आहेत. रेघ सरळ वर गेली. मी खोलीत नाचले.

१७ नोव्हेंबर
भटूचा उजवा हात लुळा पडला. जसोदाबाई म्हणाल्या, पोरी, विषय बदल. मी म्हटलं, दोनच दिवस. अशी रेघ पुन्हा कुठे मिळणार?

१९ नोव्हेंबर
सात वाजून चार मिनिटांनी भटू गेला. रेघ तेव्हाच सर्वांत उंच होती.
मला थांबवता आलं असतं.

२० नोव्हेंबर
कोणी बोलत नाही. दुकानात दूध दिलं नाही. आज भोंगा वाजलाच नाही, तरी सातला रेघ चढली. माझ्या उजव्या हाताला मुंग्या.
गावाने आता मला धरलंय.

२२ नोव्हेंबर, शहादा
यंत्र घेऊन लॉजवर पळून आले. डॉक्टर म्हणतात, काही नाही. सातला पुन्हा चढली. डाव्या हाताने लिहितेय.

२३ नोव्हेंबर
जसोदाबाईंना फोन करून रडले. सोडा म्हटलं मला. त्या थकून म्हणाल्या, “कोन्हाले तुन्ही याद बी येत नही, माय. सातले समदं गाव भटूना आंगनमा बठेल व्हतं.”
आज रेघ भटूच्याही वर गेली.
गाव भटूच्या अंगणात, कोणाला माझी आठवणही नाही. मग सातला माझा विचार करतं कोण?

२४ नोव्हेंबर
मीच. दिवसभर दुसरं काही सुचत—
यंत्र बंद केलं. हात तरी—
सहा अठ्ठावन्न. स्वतःला मनात आणायचं नाही. पाढे म्हण. बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक— खांदा गेला— माझा— नाही, मी नाही, मी ना—