झरोक्यातला लोकरी कुत्रा

बर्नली, शुक्रवार दुपार
(सगळ्या खिडक्या उघड्या, अंगात कोट)

प्रिय म्यूरिएलताई,

धाकट्या एनिडचा नमस्कार. गुडघे वाकत नाहीत म्हणून बसल्या जागेवरूनच. तुझी कंबर कशी आहे? मोरकॅमचा समुद्रवारा तिला मानवतोय ना? परवा संध्याकाळी तुझ्या शेजारचे ऑगडेन तुझ्या घरात घुसले, त्यांनी बॉयलर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तू विणलेला कुत्रा काखोटीला मारून निघून गेले. त्यांना मीच पाठवलं होतं. तेव्हापासून तू माझा फोन उचलून आपटते आहेस, म्हणून हा कागद. आधी वाच, मग शिव्या दे.

आमच्या क्लिफर्डचं तुला ठाऊकच आहे. नाताळापासून माणूस हातचा गेला होता. स्वयंपाकघरात, घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या बॉयलरशेजारच्या खुर्चीत दिवसभर पेंगायचा, डोकं धरून बसायचा, चहात मीठ घालायचा. एकदा तर मला म्हणाला, ‘बाई, उशीर झाला, तुमच्या घरचे वाट बघत असतील.’ (उभा जन्म ह्याचे मोजे रफू केले, त्याची ही पावती!) पण बँडच्या तालमीला गेला की गडी तासाभरात हुशार. आपला पितळी युफोनियम बिनचूक वाजवायचा. घरी येऊन खुर्चीत बसला की ये रे माझ्या मागल्या. मला वाटायचं, सोंग आहे. मग गेल्या महिन्यात तालीम बंद झाली (का, ते खाली येईल) आणि तो अगदीच ढासळला. वृद्धाश्रमाचं मनात घोळत होतंच; शेवटी काळजावर दगड ठेवून येत्या सोमवारी त्याला तिथे ठेवायचं नक्की केलं. बॅग भरली. आश्रमाच्या नियमाप्रमाणे त्याच्या एकूण एक कपड्यावर नावाच्या पट्ट्या शिवल्या आणि प्रत्येक पट्टीला रडले.

अशात परवा बॉयलरच्या वार्षिक तपासणीचा दिवस उजाडला. आपल्या आईची शिकवण तुला सांगायला नको: कामाचा माणूस घरात यायच्या आत घर असं घासायचं, की इथे कोणी राहतं अशी शंकाही त्याला येऊ नये. मी फरशी घासली, पायरी घासली, बॉयलरचं डोकंसुद्धा पुसलं. बिस्किटं चांगल्या बशीत काढली. दार उघडते तर काय, बाई! ट्रान्टर नावाची, दंडावर गोंदलेली मासोळी. तिने दारात बूट काढले, ओळखपत्र माझ्या नाकासमोर धरलं, दोन बिस्किटं एकदम तोंडात टाकली आणि क्लिफर्डला म्हणाली, ‘आजोबा, पाय वर घ्या, नाहीतर तुमचीपण सर्व्हिस करून टाकीन.’ मी थक्क!

खरा धक्का पुढेच होता. तिने बॉयलरचं झाकण काढलं आणि आत ही काजळी! ताई, मी शरमेने अर्धी झाले. एवढं घर लख्ख केलं आणि नेमकी परक्या बाईसमोर काजळी निघावी? मी फडकं घेऊन धावले, तर तिने मला कोपराने मागे सारलं. मग धूर सोडणारी एक काडी पेटवून धुराड्यापाशी धरली. धूर वर ओढला जायला हवा होता. तो मागे फिरला आणि सरळ क्लिफर्डच्या तोंडाकडे गेला. तिने तिथल्या तिथे बॉयलर बंद केला आणि भिंतीत हवेचा झरोका कुठे आहे म्हणून विचारलं.

मी अभिमानाने दाखवला! म्हटलं, ‘त्यातून मेला गार वारा यायचा, म्हणून ताईने नाताळला हा लोकरी कुत्रा विणून दिला. बघा कसा फिट बसलाय.’ तिने शेपूट धरून कुत्रा बाहेर उपटला.

‘अहो, वारा यावा म्हणूनच ते भोक असतं! हवा नाही मिळाली की जाळ नीट होत नाही, विषारी वायू घरात साचतो. ना वास, ना रंग. आजोबांचं डोकं कधीपासून दुखतंय?’

‘नाताळापासून,’ मी म्हटलं.

ट्रान्टरबाईनेच खिडक्या उघडल्या, क्लिफर्डला अंगणात बसवलं, रुग्णवाहिका बोलावली. रक्तात तोच वायू निघाला. (मी दिवसभर चर्चच्या दुकानात असते म्हणून बचावले.) रात्रभर प्राणवायूची नळी लावून ठेवला होता. काल सकाळी डोळे उघडले, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, ‘एनिड, स्वेटर उलटा घातलायस.’ ताई, त्याच्या टोमण्यावर मी जन्मात अशी रडले नव्हते. दवाखानाभर सगळ्यांना उलटा स्वेटर दाखवत फिरले. संध्याकाळी त्याला घरी सोडलं.

तुझ्या कुत्र्याला मी बोल लावत नाही. भोकात तो मीच कोंबला.

तुझी,
एनिड

ता. क. आता खरं काम. आश्रमात वाद्य चालत नाही म्हणून त्याचा युफोनियम मी गेल्या महिन्यात तुझ्या नातवासाठी पाठवला होता, तो गुरुवारच्या तालमीआधी परत पाठव. दुरुस्तीला दिलाय अशी थाप मारली आहे, पण आता डोकं ठिकाणावर आल्यामुळे त्याला काही पचत नाही.

आणखी एक ता. क. युफोनियमची तशी घाई नाही. माणूस फारच बरा झालाय. सकाळपासून रश्श्यात मीठ कमी म्हणून ऐकवतोय, आणि आतल्या कपड्यांवरच्या पट्ट्या उसवत ‘माझी चड्डी कोणाची, ते मला ठाऊक आहे’ म्हणून ओरडतोय.

शेवटचा ता. क. ताई, तसाच कुत्रा तू स्वतःसाठीही विणला होतास, हे मला दवाखान्यात आठवलं. त्या वेळी तू फोन उचलेनास, म्हणून ऑगडेनना पळवलं. नाताळापासून तू मला मांजर हरवल्याची एकच गोष्ट दर फोनला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगतेस, आणि आम्ही हसायचो. आता हसू येत नाही गं. आजच डॉक्टरला रक्त दाखव. बॉयलरला हात लावू नकोस, खिडक्या उघड्या ठेव. आणि युफोनियम पाठवू नकोस. सोमवारी आम्ही दोघंच तुझ्याकडे येतोय. बॅग भरलेलीच आहे.