लायगोसोमा रत्नाकरी

६ ऑगस्ट २००६, रविवार, सकाळ
क्वार्टर्सच्या मागे कुंडीखाली सापसुरळी दिसली. तमिळ मुलखातल्या या आवडी गावात सापसुरळ्या ढिगाने आहेत, पण हिची शेपटी लालभडक. लायब्ररीतल्या पुस्तकात अशी नाही. (अर्धं पुस्तक पाहिलं. पुरे.) म्हणजे नवी जात. मार्चमध्ये रिटायर होतोय. आयुष्यभर रणगाड्यांचे सुटे भाग तपासले, एकावरही माझं नाव नाही. आता जगभर लागेल.

संध्याकाळी
शास्त्रीय नावात आधी घराणं, मग विशेषनाम. पुरुषाचं नाव दिलं तर शेवटी ‘ई’. लायगोसोमा रत्नाकरी. विद्युलताला वाचून दाखवलं. म्हणाली, कोण ही बाई? बायकोशी विज्ञान बोलणं आजपासून बंद.

८ ऑगस्ट
स्वतःच स्वतःचं नाव देणं म्हणे अशिष्ट. दुसऱ्याने गौरव म्हणून द्यायचं. ही पद्धत नक्की कुणा मत्सरी माणसाने काढली असणार. दुसरा म्हणून शेजारचे सेतुमाधवराव चालतील. तंजावरकडचे, शास्त्रातलं काही कळत नाही, ही जमेची बाजू. मजकूर माझा, सही त्यांची.

९ ऑगस्ट
सेतुमाधवराव म्हणाले, हे तर आपलं अरणै. सांगितलं, तमिळमध्ये सरसकट सगळ्या सापसुरळ्यांना अरणै म्हणता, म्हणून तर शास्त्र लागतं. मग सहीला तयार झाले, पण नाव त्यांच्या वडिलांचं हवं. मानाजी. लोकांना प्रसिद्धीची किती हाव असते.

१३ ऑगस्ट
बिस्किटांच्या डब्यात पकडली. पकडताना शेपटी तुटून हातात आली आणि वळवळत राहिली. मी ओरडलो ते साक्षीदार जमावेत म्हणून. जमले. सगळी कॉलनी. टेबलावर का चढलात, असं विचारणाऱ्यांना शेपटी दाखवली. सेतुमाधवराव मात्र प्रत्येकाला तमिळमध्ये साभिनय समजावत होते.

१९ ऑगस्ट
इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझं व्याख्यान. विषय दिला : ‘माझी जात’. सेक्रेटरी कौशिक घाबरला, बदला म्हणाला. भित्रट पिढी.

२२ ऑगस्ट
डबा घेऊन शहरात डॉ. कीर्तनांकडे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तज्ज्ञ, म्हणे. झाकण उघडलं, शेपटी कागदाच्या पुडीत वेगळी दिली. म्हणाल्या, नेहमीच्याच सापसुरळीचं पिल्लू आहे, पिल्लांची शेपटी लाल असते, मोठेपणी रंग जातो. नाव तुमच्या पणजोबांच्याही आधी ठेवून झालंय. जिथून आणलंत तिथे सोडा, बिचारीला. तिशीची पोरगी. अनुभव नाही.
घरी येऊन पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग पाहिला. चित्र आहे. छपाई अत्यंत सुमार.

२९ ऑगस्ट
तब्येतीच्या कारणाने व्याख्यान रद्द. कौशिकने कारण विचारलंसुद्धा नाही. माझ्या जागी पाककृती स्पर्धा.

२ सप्टेंबर
गॅसवाला नवीन होता. खालूनच तमिळमध्ये ओरडून विचारलं, अरणै सारचं, म्हणजे सरांचं, घर हेच का. मी पेपर वाचत राहिलो. इतकी वर्षं मी समजत होतो, विद्युलताला तमिळ येत नाही. स्वयंपाकघरातून तिने स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, हो, हेच, वर आणा.