उसाकडचा कॅमेरा

प्रिय राजेश्वरी,

रंगनाथकाकांच्या हातून कागद आलेला बघून तू आधी हसली असशील. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेल्या नवऱ्याने पत्र लिहायचं, म्हणजे हलवायाने शेजारी साखर मागायला जायचं. हस बाई, पोटभर हस. पण हसून झालं की एक कर. काकांना चहा दे, धनूला तुझ्या आईबरोबर मागच्या दारी पाठव आणि हे एकटीनं वाच. तुझी बॅग भरून उंबऱ्याशी ठेवलेली असणार, मी तुला ओळखतो. ती अजून गाडीत टाकू नकोस. घरी यायचं की नाही ते हे वाचून झाल्यावर ठरव.

फोन का केला नाही तेही सांगतो. तुझा फोन म्हणजे धनूचा फोन. ती आधी स्पीकर लावणार, मग शेळीने काय खाल्लं, करडू मला विचारतंय का, सगळी चौकशी करणार. आता तर जोडाक्षरंही वाचते, म्हणजे मेसेजची पण सोय राहिली नाही. आणि दुसरं कारण म्हणजे माझा आवाज. काल तू विचारलंस, सर्दी झाली का हो? सर्दी नव्हती गं. मी दुकानात शटर अर्धं ओढून बसलो होतो. कुणाच्या तरी मोबाईलचा बारीक स्क्रू टेबलावरून खाली गेला तो अजून सापडलेला नाही.

घरचं म्हणशील तर आई बरी आहे. मी आणलेला तो बोलका डबा तिने अजून उकिरड्यावर टाकलेला नाही, एवढंच. रोज सकाळी त्याच्याशी भांडते. 'आज पाऊस हाय का रं?' असं विचारते आणि तो म्हणतो, माफ करा, मला समजलं नाही. मग आई पदर खोचून त्याच्यापुढे उभी. 'मेल्याला साधं हाय-न्हाई कळंना, आन् ह्यो पावसाचं सांगनार!' पण गंमत अशी की दिवस कलायला लागला की तीच मला म्हणते, 'लाव रं तुझा डबा, मोठ्यांदा लाव.' मग गाणी वाजवत आम्ही दोघं गोठ्यात जातो. मी पुढे बॅटरी घेऊन, ती मागे ताट बडवत. म्हैस आमच्याकडे बघते, ह्यांच्या घरात रोज कुणाची वरात निघते म्हणून. हसू येतं खरं, पण ते गोठ्यात पोचेपर्यंतच. परत येताना आई माझ्या शर्टाचं टोक धरून चालते. मला भीती वाटते, राजेश्वरी. गडीमाणसाने असं लिहू नये म्हणतात, पण तुझ्यापासून काय लपवायचं? उसाची पात हलली तरी मी बॅटरी तिकडे मारतो. इकडे सोनईच्या आसपास सगळ्याच वस्त्यांवर बिबट्यापायी हेच चाललंय. माणसं एकटी शेतात जात नाहीत. बाया खुरपायला बसल्या तरी एक जण नुसती उभी राहून चौफेर बघत असते. तुमच्या खर्ड्याकडे एक बरं आहे, ऊस नाही. लांबवर रान उघडं पडलेलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा नाक मुरडून म्हणाली होतीस, तुमच्याकडे काही दिसतच नाही, जिकडं बघावं तिकडं ऊसच. तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं.

माझ्या कॅमेऱ्यांचा तुला किती राग! दुसऱ्या बायकांचे नवरे दागिने आणतात, आमचे वायरी आणतात, असं तू शेजारच्या दिपालीवहिनींना सांगितलंस ते मी ऐकलंय. पण मला खरंच वाटायचं गं, की मी दुकानात बसूनही घरी असतो. मोटर मोबाईलवर चालू होते, टाकी भरली की कळतं, धनू शाळेतून आली की दिसतं. ती अंगणात सायकल फिरवायची आणि मी इकडे गिऱ्हाईकाला चार्जर देता देता बघत असायचो. बिबट्याची बातमी आल्यावर मी उसाच्या बाजूला चौथा कॅमेरा लावला. त्यात मोबाईलवर बोटाने एक लाल रेघ आखायची असते. उसाकडून रेघेच्या आत काही शिरलं की भोंगा वाजतो. मी आधी बांधापलीकडचा ऊसही रेघेच्या आत घेतला होता. आठवतंय ना मग काय झालं? वारा सुटला की भोंगा, पाखरू उडालं की भोंगा. म्हशीने दुधाची बादली लाथाडली, आणि आई म्हणाली, 'एक त्यो भोंगा ऱ्हाईल न्हाईतर मी ऱ्हाईन.' म्हणून मी रेघ अलीकडे ओढली, अंगणाच्या फरशीपर्यंत. मग भोंगा गप्प झाला. आपण सगळेच निर्धास्त झालो.

दसरा झाल्यावर बिबट्याने राखणीच्या खंड्याला नेलं. भर उजेडात, दिवस मावळायचा होता. भोंगा वाजला तेव्हा मी दुकानातून गाडी कशी हाणत आलो ते माझं मला माहीत नाही. येऊन बघतो तर अंगणात कुत्र्याचा पट्टा आणि तू दाराला आतून कडी घालून धनूला पोटाशी धरून बसलेली. दुसऱ्या दिवशी मीच तुम्हाला खर्ड्याला नेऊन सोडलं. धनू रस्ताभर खंड्या कुठं गेला म्हणून विचारत होती आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस.

त्यानंतर बिबट्या आला नाही. कॅमेऱ्यात नाही, चिखलात ठसा नाही, कुणाची शेळी गेली नाही. दिवाळी झाली. लोक म्हणायला लागले, वाघ नदीच्या अंगाला गेला, त्यांचं काय, आज इथं तर उद्या तिथं. मलाही तेच खरं वाटलं, कारण मला ते खरं असायला हवं होतं. घर खायला उठतं गं तुम्ही नसलात की. तुझाही रोज धोशा, धनूची शाळा बुडते, आता गाडी नाही पाठवली तर मी एसटीने येईन. आईने पंचांग बघून घेतलं आणि शुक्रवारी मूळ पाठवायचं ठरवून टाकलं. काकांना गाडीसाठी सांगितलं, तुला खण, नारळ, धनूला परकर-पोलकं, सगळं काढून ठेवलं. आईचं मूळ म्हणजे तुला काय सांगायचं! सुनेला आणायला गेलेलं माणूस रिकामं परत येणं तिच्या दृष्टीने घराला चांगलं नाही. आपल्या पहिल्या दिवाळीनंतर तुला ताप भरला होता, तरी मूळ माघारी नको म्हणून तू घोंगडी पांघरून जीपमध्ये बसून आली होतीस आणि आईनेच मग आठवडाभर तुझे पाय चेपले होते.

तर मूळ ठरलं आणि मला हौस आली. म्हटलं, धनू घरी येईल तेव्हा टीव्हीवर तिचीच फिल्म लावायची. तुम्ही असतानाचं सगळं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेच. काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी ते काढून बसलो. काय काय सापडलं म्हणून सांगू! धनू करडाला पाढे शिकवतेय. धनू आजीची चप्पल घालून, हातात वेताची काडी घेऊन बाई झालीय. धनू फरशीवर उकिडवी बसून मुंग्यांना साखर घालतेय आणि तू मागून येऊन तिचा कान धरतेस. मी एकटाच हसत होतो. शेजारचा चहावाला बघून गेला, याला काय झालं म्हणून. मुंग्यांचा तुकडा फिल्मच्या सुरुवातीला घ्यायचा म्हणून मी तो पुन्हा लावला. धनूच्या पाठीमागे बांध, बांधाला लागून ऊस, उसाच्या बुडाशी वाळलेलं पाचट. त्या पाचटात काहीतरी हललं. मी चित्र मोठं केलं.

दोन कान होते, राजेश्वरी. मग मी आदल्या दिवसाचं लावलं, त्याच्या आदल्या दिवसाचं लावलं. धनू शाळेतून येते, दप्तर टाकते, अंगणात उतरते, आणि थोड्या वेळाने पाचटात तो येऊन बसतो. ती आत गेली की उठून जातो. ज्या दिवशी ती तापाने झोपून होती त्या दिवशी तो आला, वाट बघितली आणि गेला. शेळी दाव्याला बांधलेली असायची, करडू मोकळं असायचं, त्यांच्याकडे त्याने मानसुद्धा वळवली नाही. आणि मी आखलेली ती लाल रेघ त्याने एकदाही ओलांडली नाही, खंड्याचा दिवस सोडून. तो दिवस लावायची मला आजवर हिंमत झाली नव्हती, काल मन घट्ट करून बघितला. धनू खाली बसून खडूने काहीतरी काढतेय. तो पाचटातून बाहेर येतो, पोट जमिनीला लावून. तेवढ्यात तू दारातून हाक मारतेस, वेणी घालायची म्हणून, आणि ती उठत नाही म्हणून दंडाला धरून ओढत नेतेस, ती रडतेय. दार लागतं. तो धावत येतो तेव्हा तिथे तिच्या जागी खंड्या येऊन उभा असतो. तुम्ही गेल्यापासून तो दिसला नाही, कारण तुम्ही गेलात. तो नदीकडे गेलेला नाही गं. मी आज सकाळी बांधावर चार माणसं घेऊन गेलो, पाचटात बसून बसून जागा गुळगुळीत झाली आहे. वनखात्याला कळवलंय, पिंजरा आणतो म्हणालेत. दिपालीवहिनींना आणि बाकी वस्तीला सांगून आलोय, पोरं अंगणात सोडू नका. आईला ते चित्र दाखवलं. मग उठून तिने धनूचं दप्तर, स्वेटर, वह्या, तुझ्या साड्या, सगळं काढून काकांच्या गाडीत ठेवलं आणि मला म्हणाली, 'लिही तिला. म्हनावं मूळ रिकामं धाड. माझ्या घराचं काय व्हायचं त्ये हू दे, पोरगी तितंच ऱ्हाऊ दे.' म्हणून हे पत्र. धनूला खर्ड्याच्याच शाळेत बसव, तिथल्या गुरुजींशी मी बोलतो. ऊस तुटून रान मोकळं झालं की मी स्वतः न्यायला येईन. त्याच्या आधी मी फोनवर ये म्हणालो, रडलो, आई आजारी आहे म्हणालो, तरी येऊ नकोस. काकांना जेवायला घाल आणि गाडी रिकामी पाठव. त्या दिवशी तू तिला ओढून नेलंस ते रडणं तिच्या अजून मनात आहे, परवा फोनवर मला सांगत होती, मम्मीने मला उगीच ओढत नेलं. तिला आज जवळ घे, आणि माझ्या वतीनेही घे.

तुझाच,
आदिनाथ