यंदा मसाला नको

बनशंकरी, रविवार संध्याकाळ

जर्मनीहून सूनबाईचा फोन. "अण्णा, यंदा मसाला पाठवू नका." झालं, आमच्या हिचा चेहरा उतरला. "गेले होते तीन वर्षांसाठी. आता आपला मसालाही नकोसा झाला!"

मला मात्र वेगळंच ऐकू आलं. इतकी वर्षं किराणा विकतोय. घर सोडून जाणारं गिऱ्हाईक आधी डबे भरायचं थांबवतं. मसाला नको म्हणजे... की माझंच मन मला फसवतंय? शेवटी सरळ विचारलं, "परत यायचं ठरतंय काय गं?"

"ठरतंय, अण्णा. पण हे घर सोडायचं म्हटलं की आम्ही दोघं गप्प होतो."

तेवढ्यात नातीनं फोन ओढून घेतला. "अज्जा, इथं मी एकटी सायकलनं शाळेत जाते. तिथं जाऊ देशील?"

आपल्या रस्त्यावर? खोटं बोलवेना. "एकटीला नाही. मी मागून पळत येईन."

"तुझे गुडघे दुखतात ना?"

"दुखतात की."

पोरगी म्हणाली, "सरी, चालेल, मी हळू चालवीन."