भट्टीत वाळवलेली माती

२ मे

ती. दादास,
शि. सा. न.

तुझ्या सासरेबुवांनी तुम्हाला घरासाठी ओढ्याकाठची जागा देऊ केली, हे वाचून वहिनीइतका आनंद मला झाला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या ऑफिसात बेटावरच्या पाण्याचं मॉडेल बनतंय. पाऊस पडला की किती मुरेल, किती ओढ्याला येईल, हे त्यातून कळणार. त्यासाठी उताराउताराच्या मातीची माहिती मी भरते. तुमच्या डोंगराची माती प्रयोगशाळेने वाळूसारखी दाखवलीय. म्हणजे पाणी मुरणार, ओढा शांत. पण तो उतार मी चढलेय. बुटांचा चिखल चमच्याने खरवडावा लागला होता. प्रयोगशाळेतला मिशाळ तुझ्या सासऱ्यांसोबत कॅरम खेळतो ना? कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते डोंगरात नाही.

पाया खणू नकोस. लोभ आहेच, रागावूनही कमी करू नकोस.

तुझी मुंगी

९ मे

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

माझे सासरे तुला लग्नापासून खुपतात. आम्ही लांब राहायला जातोय म्हणून नणंदबाई खुसपट काढतात, असं तुझी वहिनी म्हणते. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं.

तरी मिशाळला गाठून खोदून खोदून विचारलं. तो गडबडला नाही. उलट ऐटीत म्हणाला, प्रत्येक नमुना भट्टीत कडकडीत वाळवल्याशिवाय मी चाळत नाही, नियमच आहे. लबाड माणूस असा बोलेल का? की असाच बोलेल? तुझ्यामुळे मलाही आता कुणाचा भरवसा वाटेना.

मजूर सोमवारी येतील. तब्येत सांभाळ, आणि डोकंही.

तुझा दादा

१३ मे

ती. दादास,
शि. सा. न.

मिशाळ प्रामाणिक आहे, आणि घोळ तिथेच झाला. आपला डोंगर जुन्या ज्वालामुखीच्या राखेचा. ही माती एकदा भट्टीत भाजली की तिचे बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटतात, पुन्हा भिजवले तरी सुटत नाहीत. चाळणीला ती वाळू वाटते. ओल्या नमुन्यांचे आकडे घालून मॉडेल पुन्हा चालवलं, तर ओढ्याला दुपटीहून जास्त पाणी आलं. दादा, मला भीती वाटतेय.

माझं ऐकू नकोस हवं तर. उतारावरची ओली माती तळहातांवर वळून बघ. वाळू असेल तर तुटेल, चिकणमाती असेल तर वाकेल.

पण सासरेबुवांनी नेमका हाच तुकडा का द्यावा, हे मला अजून उमगत नाही.

वहिनीला सांग, भांडू नंतर. उलट टपाली कळव.

तुझी मुंगी

१८ मे

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

माती तुझ्या वहिनीनेच वळली. बोटाभोवती अंगठीसारखी वाकली, तुटली नाही. तिने हात धुतले. मजूर परत पाठवले.

तुझा प्रश्न मी सासऱ्यांना तोंडावर विचारला. ते म्हणाले, लेक हाकेच्या अंतरावर राहावी, एवढंच मनात होतं. जागा त्यांच्या घराला लागूनच आहे. उतार तू चढलीस, पण त्यांच्या घरी कधी आली नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही.

मग त्यांनी ती मातीची अंगठी उचलून निरखली आणि विचारलं, बहिणीच्या हिशेबात आमच्या घराचं काय?

मुंगे, त्यांचं घर आमच्या जागेच्याही खाली आहे, ओढ्याला टेकून. मी म्हटलं, विचारून सांगतो. माझ्याच्याने सांगवलं नाही. तूच ये.

आलीस की आधी त्यांच्याकडे जा. माझा नमस्कार-चमत्कार मागाहून झाला तरी चालेल.

तुझा दादा