एकोणिसाचा पाढा

कारेगाव, ता. शिरूर
दि. २० जुलै २००३

चि. विनोद यास,
सप्रेम जयभीम आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझं पत्र येत नाही, म्हणजे कुरकुंभला तुला जादा पाळ्या लावल्यात असं मी धरून चालले आहे. कंटाळा असेल तर तसं कळव, म्हणजे रागवायला बरं.

आमच्या शाळेत संगणक आला. रांजणगावच्या एका कंपनीनं दिला. सार्थक नावाचा एक जण आठवड्यातून एकदा येऊन मला शिकवतो, आणि मी चुकले की पोरांसमोर हसतो. शिक्षक दोनच आणि वर्ग चार, त्यामुळे एका वर्गाला मी फळ्यावर शिकवत असते तेव्हा दुसऱ्याला आपल्या आबांच्या पाढ्यांच्या कॅसेटा लावते, हे तुला ठाऊक आहेच. घशाच्या ऑपरेशननं आवाज जाणार म्हटल्यावर आबांनी दोन महिन्यांत त्या भरल्या. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला मास्तर काही सुटला नाही. फिती आता घासल्या आहेत, म्हणून सार्थककडून त्यांची सीडी करून घेतली.

टेपात आबा एक प्रश्न विचारून इतका वेळ गप्प राहतात की पोरं चुळबुळ करतात. त्या शांततेत खरखर असते, आणि कोणीतरी बारीक बोलल्यासारखं येतं. नकुशी म्हणून चौथीतली मुलगी आहे, ती म्हणते टेपात बाई आहे. मी तिला दटावलं, पण तेव्हापासून रिकाम्या वर्गात टेप लावायला मलाच नको वाटायचं. सार्थकला सांगून मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या. चाळीस मिनिटांचे पाढे आता अकरा मिनिटांत होतात. जुन्या कॅसेटा शाळेशेजारच्या पोपटरावांनी मागून नेल्या. पेरलेली बाजरी पाखरांनी टिपू नये म्हणून त्यांनी फिती शेतभर बांधल्या आहेत. वारा सुटला की त्या घुमतात, आणि माझं शिकवण्यातलं लक्ष उडतं.

आईला जप. माझ्या भावजयीला, सीमाला आशीर्वाद. तिघंही एकदा येऊन जा.
तुझी,
करुणाताई

दौंड
दि. ९ ऑगस्ट २००३

ती. ताईस,
जयभीम. सा. न. वि. वि. पाळ्या खरोखरच जादा होत्या, तरी तुझा राग मंजूर.

फोनवर बोलता येईना म्हणून लिहितो. घरात आई ऐकते. तिचं ठीक नाही. आबा गेल्यापासून ती कमी बोलायची, ते तू पाहिलंस. आता रोज दुपारी दोनच्या सुमारास कॉटवर ताठ बसते आणि आकडे बोलते. अडतीस म्हणते, मग बराच वेळ थांबते. मग सत्तावन्न. पुन्हा थांबते. मग शहात्तर. मधल्या वेळात समोर असं बघते, की कोणीतरी तिला काही विचारतंय. विचारलं तर म्हणते, काही नाही. सीमा दुपारची घरात एकटी बसायला घाबरते. शेजारच्या म्हाळसाकाकू बाधा झाली म्हणतात. आबांनी जन्मभर अंगारे-धुपाऱ्यांना घरात पाऊल ठेवू दिलं नाही, तेव्हा ते मी करणार नाही. पण पुण्याला मनोविकारांच्या डॉक्टरांना भेटून आलो. दाखल करून घेऊ म्हणाले. किती महिने, ते सांगता येत नाही म्हणाले. दोन सप्टेंबरची तारीख मिळाली आहे. तुझा होकार हवा. एकट्यानं आईला तिथं सोडून यायची माझी छाती होत नाही.

तुझा,
विनोद

कारेगाव
दि. १३ ऑगस्ट २००३

चि. विनोद यास,
जयभीम, आशीर्वाद. आईला कुठंही नेऊ नकोस. आधी हे पत्र वाच.

अडतीस, सत्तावन्न, शहात्तर. एकोणीस दुणे, एकोणीस त्रिक, एकोणीस चोक. मास्तरांची पोरं आपण, आणि आपल्याला तिचा पाढा ओळखू आला नाही. तू पाळीवर असायचास आणि सीमा अंगणवाडीत कामाला जायची, तेव्हा दुपारी आबा घरात टेप भरत. समोर विद्यार्थी कोण होतं, हे आपण कधी विचारलंच नाही. जन्मभर अंगठा उठवणारी आपली आई सत्तावन्नाव्या वर्षी पाढे शिकत होती, आणि पोरांना कळलं तर हसतील म्हणून आपल्यापासून लपवत होती. नकुशीला ऐकू आलेली बाई तीच. आबा तिच्यासाठी थांबत होते, विनोद. आणि ती जागा मी माझ्या हातानं कापून टाकली.

तुझं पत्र मिळाल्यावर तशीच शेतात गेले. फितीचे हात हात लांबीचे तुकडे केलेत, उन्हानं ते चुरचुरीत झालेत. पोपटराव बिचारे एकेक सोडून माझ्या ओंजळीत देत होते, आणि मी सगळ्यांदेखत रडले. सार्थकनंही संगणकातला न कापलेला मूळ आवाज पुसून टाकला आहे. तरीही रविवारी आईला शाळेत घेऊन ये. आबांचा आवाज तरी तिच्या कानांवर पडू दे.

तुझी,
करुणाताई

दौंड
दि. ६ सप्टेंबर २००३

ती. ताईस,
जयभीम. सा. न. वि. वि.

त्या रविवारी तू संगणकाकडे तोंड करून उभी होतीस, म्हणून आईचा चेहरा तुला दिसला नाही. आबांचा आवाज आला तशी ती सावरून बसली. ओठ हलले, पण पहिलं उत्तर बाहेर पडायच्या आत आबांचा दुसरा प्रश्न आला, मग तिसरा. तिनं दोनदा घाई करून पाहिली. मग हात मांडीवर ठेवून दिले. बाहेर एस.टी.ची वाट बघताना मला हळूच म्हणाली, "ह्ये त्ये न्हवंत रं. त्ये थांबायचे."

तेव्हापासून तिचे आकडे बंद झाले. डॉक्टरांची तारीख मी रद्द केली. सीमा निर्धास्त झोपते. मला हवं होतं तेच झालं, आणि ताई, दुपारी दोन वाजता या घरात बसवत नाही. ती नुसती भिंतीकडे बघते, जेवायलाही हाक मारावी लागते. आपण दोघांनी मिळून आबांना दुसऱ्यांदा पोचवलं असं मला वाटतं. तू एकटीनं ते मनाला लावून घेऊ नकोस.

या आठवड्यात रातपाळी आहे, त्यामुळे दुपारी घरी असतो. सोमवारी कॉटसमोर खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, एकोणीस चोक? थांबलो. उत्तर आलं नाही. मंगळवारी आलं नाही, बुधवारी, गुरुवारीही नाही. थांबणं किती अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं, जीभ नुसती वळवळते. काल विचारून बसलो होतो, रात्रीच्या जागरणानं डोळा लागला. किती वेळ गेला कळलं नाही. बांगड्या वाजल्या म्हणून जाग आली.

आई डोक्यावर पदर घेत होती. माझ्यासमोर ती कधी पदर घेत नाही, तुला माहीत आहे. पदर नीट सारखा केला, माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि म्हणाली, शहात्तर.

मी मागं वळून पाहिलं नाही. पुढचा प्रश्न विचारायचा धीर काल झाला नाही. आज दोन वाजता विचारणार आहे.

लोभ आहेच, तो असाच असू दे.
तुझा,
विनोद